सईची मावशी

मुलीला पूर्ण वेळ देता यावा म्हणून मी नोकरी सोडली, त्यामुळे सध्या दिवसभर माझ्या घरात सहा मुलं असतात. त्यातलं एकच माझं आहे.

"एका पगारात पोर वाढत नाही," असं नितीन, म्हणजे माझा नवरा, तेव्हाच म्हणाला होता. "न वाढायला काय झालं? पोर वाढवायचंय, आंब्याची बाग नव्हे!" असं ठणकावून मी पतसंस्थेतल्या खुर्चीला रामराम ठोकला. (पंखा बरोब्बर त्या खुर्चीच्या डोक्यावर होता. उकडलं की अजून आठवतो.)

पुढे चार वर्षांच्या सईची शाळेची फी भरली आणि मासेवाली आमच्या दारावरून हाक न मारताच जायला लागली. बाईला आमची परिस्थिती आमच्याआधी कळली! तेवढ्यात शेजारच्या काकू नातवाला घेऊन आल्या.

"अगो, सून कामाला जाते, माझे गुडघे गेले. तू घरीच असतेस ना? सांभाळ गो याला. फुकट नको हो!"

मी हुरळले. घरबसल्या दुसरा पगार! बातमी नाक्यापर्यंत पोचली आणि पडवीत पाच पोरं जमली. सगळ्यांचे आईबाप दोघंही नोकरीला, आणि त्यांची पोरं वाढवायला मी!

मग काय विचारता! एकाला मऊभात भरवेपर्यंत दुसरा कोकमाच्या बरणीत हात घालायचा, तिसरी माझ्या ओढणीला नाक पुसायची. सई मधेच "आई, गोष्ट" म्हणायची, मी "थांब गो जरा" म्हणायचे. ते 'जरा' काही संपेना. शेवटी तीही इतरांसारखी मला "मावशी" म्हणायला लागली. मला हसू आलं. माझीच अक्कल कमी, दुसरं काय!

एका संध्याकाळी बाकीची पोरं आपापल्या आईबापांबरोबर गेली. नितीन स्कूटर लावून येतो तो सई बूट घालून, दप्तर पाठीला लावून दारात उभी.

"चला बाबा, घरी."

"अगं, हेच आपलं घर!"

"हे मावशीचं आहे." मग माझ्याकडे वळून अगदी शहाण्यासारखं विचारते, "मावशी, माझी आई कधी येणार?"

नितीन हसायला लागला. मला रडूच कोसळलं. जिच्यासाठी सगळं सोडलं, तिलाच मी सापडेना! काही सुचेना, तशी खुंटीवरची पर्स उचलली, मागच्या दाराने बाहेर पडले, परसातला चिखल तुडवत घराला वळसा घातला आणि पुढच्या दारातून आत शिरले.

"सई, आले गो मी!"

"आई!" पोर धावत येऊन गळ्यातच पडली.

आता रोज हेच. काल पर्स खांद्याला लावून केळींमधून वाट काढत होते, तर काकूंनी कुंपणावरून हटकलं.

"काय गो, नोकरी सोडलीस ना तू? मग पर्स घेऊन ही कुठे निघालीस?"

"कामावरून घरी चाललेय, काकू! आज उशीरच झाला, पोर वाट बघत असेल!"