पाच लिटरचं माप

“माप लाओ! पहिले माप लाओ, मग पैसे मागो!”

आमची जीप पंपाच्या आवारात वळायच्या आधीच ही आरोळी कानावर आदळली. ओरडत होता उल्हासनगर कॅम्प पाचमधला एक कापड दुकानदार. सिंधी शेठ, वजन शंभर किलोच्या पुढे आणि आवाज वजनाच्याही पुढे. पंप अंबरनाथच्या हद्दीत होता, पण त्या दुपारी पार बदलापूरच्या म्हशींनी पान्हा चोरला असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शेठने स्कूटर आडवी घालून दोन्ही मशिनं बंद पाडली होती. त्याच्यामागे जमाव. मला वाढवून सांगायची सवय नाही, तरी चार हजार माणूस होता. पंचनाम्यात आम्ही दीडशे लिहिला. त्याच्या वर आकडा गेला की जादा कुमक का मागवली नाही, असं वरून विचारतात.

पेट्रोलने शंभरी ओलांडली त्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे आज एकमेकांत मिसळून गेलेत. हे प्रकरण मात्र कशातच मिसळत नाही.

शेठने एकशे दहाचं पेट्रोल मागितलं होतं. आमच्या भागात गोल आकड्याचं पेट्रोल कोणी घेत नाही. शंभर आणि दोनशेच्या बटणाला चोरी बसवलेली असते, असा लोकांचा पक्का समज. म्हणून कोणी एकशे दहाचं घेतो, कोणी दोनशे तीसचं, आणि एक शाळामास्तर तर एकशे सत्तेचाळीसचं घेऊन तीन रुपये सुट्टे मागायचा. एवढी हुशारी करूनही शेठच्या स्कूटरचा काटा जागचा हलला नव्हता.

“काटा हिला भी नहीं, साहेब! माझी दाढी यापेक्षा लवकर वाढते!”

आता कायदा असा, की प्रत्येक पंपावर पाच लिटरचं एक धातूचं माप ठेवावं लागतं. त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो. रोज सकाळी पंपवाल्यांनी त्यात पेट्रोल ओतून मशीन तपासायचं आणि रजिस्टरला सही करायची. गिऱ्हाइकाने मागितलं तर त्याच्यासमोरही मोजून दाखवायचं. शेठ म्हणत होता ते शंभर टक्के कायद्याचं होतं. मी मॅनेजरला म्हटलं, “आण बाबा माप, मिटव भांडण.” तो ऑफिसात गेला. बाहेर आला तेव्हा मुलगी बघायला जाऊन नुसतं पाणी पिऊन परतलेल्या माणसासारखा चेहरा.

“साहेब, माप नाही.”

“नाही म्हणजे?”

“खिळ्याला असतं. आता नाही.”

हे पुढच्या दोघांनी ऐकलं आणि अर्ध्या मिनिटात मागच्या चार हजारांना कळलं. “लपवलं!” “पकडले जाणार म्हणून गायब केलं!” भाजीचा टेम्पो चालवणारा एकजण टपावर चढला. “कच्चं तेल उतरलं तरी इथे भाव चढतो! सरकार टॅक्समध्ये मारतं, हे मापात मारतात! भाडं वाढवलं की गिऱ्हाईक आम्हाला शिव्या घालतं! आम्ही जायचं कुठे?”

“पायी!” मागून कोणीतरी ओरडलं.

सगळे हसले, आणि त्या हसण्याने पंप वाचला असं माझं आजही मत आहे. माणूस हसला की हातातला दगड जरा खाली येतो. तेवढ्यात मी बोनेटवर उभा राहिलो आणि शब्द दिला: उद्या दुपारपर्यंत माप हजर करतो आणि इथेच सगळ्यांदेखत मोजतो, तोवर पंप बंद. शब्द देताना माप कुठे असेल याची मला सुतराम कल्पना नव्हती. पण जमावासमोर पोलिसाने विचारात पडायचं नसतं, ते नंतर ठाण्यात जाऊन पडायचं.

मॅनेजरने लगेच बोट दाखवलं. “सकाळी सहाला मी स्वतः माप घेतलंय, रजिस्टरला सही आहे. त्यानंतर ऑफिसची किल्ली फक्त हिच्याकडे होती.”

ही म्हणजे पंपावर पेट्रोल भरणारी बाई. बदलापूरकडच्या एका गावातली, आगरी, तिशीतली. नवरा आनंदनगर एमआयडीसीत कामाला होता, पण त्याची कंपनी दोन महिने बंद. घर हिच्या पगारावर चाललेलं.

“साहेब, तो डबा नेऊन मी काय करू?” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. “त्यान डाळ शिजवू? हाताचा पेट्रोलचा वास जात नाय माझ्या, पोरगी जवल येत नाय जेवताना. आनि वर तो डबा घरान नेऊ?”

मॅनेजरने लेखी तक्रार दिली. मालकाने फोनवरूनच फर्मान काढलं, चोरीचा निकाल लागेपर्यंत हिला कामावर घ्यायचं नाही. तिला याचा अर्थ माझ्याआधी कळला. एकदा चोरीत नाव आलं, की कल्याणपासून कर्जतपर्यंत एकही पंप तिच्या हातात नळी देणार नव्हता.

रीतसर ऑफिसचा पंचनामा केला. मी सांगत होतो, हवालदार लिहीत होता. टेबल एक, खुर्च्या दोन, देवाची तसबीर एक, कॅलेंडर मागच्या वर्षीचं. भिंतीत खिळा एक, त्यावर माप नाही. खिळ्याला गोल पितळी बिल्ला एक, त्यावर आकडा चारशे सतरा. खाली पंचांच्या सह्या, माझी सही. पंचनाम्यात आम्ही जगातली प्रत्येक गोष्ट लिहितो. वाचतो मात्र वकील.

मग मी चूक केली. कायदा सांगतो, बाईकडे चौकशी करायची तर तिच्या घरी जाऊन करा. मी ‘जरा विचारपूस’ म्हणून तिला ठाण्यात आणलं आणि बाकावर बसवलं. शेजारी महिला शिपाई होती, चहा दिला, आवाज चढवला नाही. एवढं केलं की आपण फार सभ्य वागलो असं आम्हा पोलिसांना वाटतं. तीन तासांत मी तिला एकच प्रश्न सतरा प्रकारांनी विचारला आणि तिने सतरा वेळा एकच उत्तर दिलं. माझ्या अनुभवात खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडी नवी रंगरंगोटी करतो. ही करत नव्हती. हे मला पहिल्या तासात कळायला हवं होतं. पण माझ्यासमोर रजिस्टर होतं, त्यात सकाळी सहाची सही होती, आणि सरकारी नोकराचा सहीवर जेवढा विश्वास असतो तेवढा देवावर नसतो.

मध्येच खबर आली. पंपासमोरच्या पानवाल्याने सांगितलं, असलंच माप कॅम्प पाचमध्ये एका भंगारवाल्याकडे पाहिलं. मी दोन शिपाई पिटाळले. ते टेम्पो भरून परत आले. दुधाचे कॅन, घासलेटचे डबे, लग्नातली पातेली, आणि एक पितळी घंगाळ, ज्यात आख्खा शिपाई बसू शकला असता. बसवूनही पाहिला. माप नव्हतं. ठाण्याचं आवार बोहारणीच्या अंगणासारखं दिसायला लागलं. बाकावरची ती बाई ते सगळं बघत होती, पण हसली नाही. दिवेलागणीच्या आत तिला घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार पंचनाम्याची स्वच्छ प्रत करत होता. मोठ्याने वाचत लिहायची त्याची खोड. “बिल्ला एक, पितळी, गोल, चारशे सतरा,” असं वाचून तो थांबला.

“साहेब, पेट्रोल पंपावर बिल्ला कशाला?”

“तू काल लिहिलास ना? तेव्हा नाही विचारलंस?”

“तुम्ही सांगत होता म्हणून लिहिला. पण असा बिल्ला आमच्या सासऱ्यांकडे होता. फॅक्टरीतला.”

अंबरनाथमध्ये नुसतं ‘फॅक्टरी’ म्हटलं की एकच, सरकारी दारूगोळ्याची. हवालदाराने मला तिथला जुना रिवाज समजावला. कामगाराला तिथल्या हत्यारखान्यातून पाना, कानस असं एखादं हत्यार किंवा माप हवं असेल, तर तो ते खिळ्यावरून काढतो आणि त्या जागी आपल्या नंबरचा बिल्ला अडकवतो. वस्तू परत केली की बिल्ला काढून घेतो. रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं की कोणती वस्तू कोणाकडे आहे ते कळतं.

म्हणजे चोर आपली सही भिंतीला टांगून गेला होता, आणि मी त्या सहीची नोंद करून खाली माझी सही ठोकली होती.

फॅक्टरीच्या वसाहतीजवळ एका कट्ट्यावर निवृत्त कामगार सकाळचे बसतात. त्यांचं सगळ्यांचं मिळून वय आठशे तरी असेल. मी विचारलं, “चारशे सतरा कोण?”

नाव कोणाला पटकन आठवलं नाही, पण नंबर ऐकताच तिघांनी एकाच इमारतीकडे हात केला. “फिटर! तपासणी खात्याचा. तुमच्या बंदुकीची नळी त्याला दाखवू नका साहेब, नापास करील.”

दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. सत्तरीचे आजोबा, बनियन, नाकाच्या टोकावर चष्मा. समोर पाटावर आमचं माप, शिक्क्यासकट. बाजूला किराणा दुकानदाराचा उसना वजनकाटा, आणि काटा खरा आहे का ते बघायला सीलबंद मिठाच्या तीन पिशव्या. माझी वर्दी बघून त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “दार लोटून घ्या. वाऱ्याने काटा हलतो.”

“आजोबा, हे माप तुम्ही चोरलंत?”

“चोरलं?” त्यांनी चष्मा काढला. “इश्यू करून घेतलं. टोकन लावलंय खिळ्याला. तुमच्या लोकांनी बघितलं नाही?”

बघितलं होतं. त्याचंच दुःख होतं.

“कधी नेलंत?”

“परवा, तिसऱ्या प्रहरी. मॅनेजरला सांगून. तो फोनवर बोलत होता. मी म्हटलं, माप नेतो, टोकन लावलंय. त्याने मान हलवली.”

परवा! आणि रजिस्टरला काल सकाळी सहाला याच मापाने मोजल्याची सही! तिथेच उभ्या उभ्या माझ्या डोक्यात सगळं सुटलं. मॅनेजर महिनोन्‌महिने न मोजताच सह्या ठोकत होता. ती एक खोटी सही झाकण्यासाठी त्याने किल्ली असलेल्या बाईवर बोट दाखवलं होतं.

“पण घरी कशाला आणलंत हो?”

“भाव वाढला, ती सरकारची गोष्ट. टॅक्स लावला, तीही सरकारची,” आजोबा शांतपणे म्हणाले. “पण माझी लूना पूर्वीएवढी पळेना. मला वाटलं, महागाईत लिटरच लहान केला की काय. पंपावर तपासून घेता आलं असतं, पण मग माप खरं कशावरून? आधी माप तपासायचं, मग मापाने माल तपासायचा. तीस वर्षं हेच केलं.”

“मग? काय निघालं?”

ते जरा खट्टू झाले. “माप बरोबर आहे. भरून पाणी तोललं, पाच लिटरला पाच किलो. शंभर वेळा केलं. पास.”

दुपारी पंपावर आदल्या दिवशीपेक्षा दुप्पट गर्दी, म्हणजे पंचनाम्यात दोनशे. आजोबांनी स्वतः माप धरलं. मी गावाहून त्या बाईला बोलावून घेतलं होतं. नळी तिच्याच हातात दिली. मशीनवर पाच लिटर झाले, तिने हात आखडला. आजोबा खाली वाकले. मग शेठ वाकला, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या. पेट्रोल नेमकं रेघेला टेकलं होतं.

“बरोबर आहे,” शेठ म्हणाला. मयताची बातमी सांगावी तसा.

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे काहीतरी व्हायची वाट बघत उभे. चोरी निघाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. शेवटी टेम्पोवाला म्हणाला, “म्हणजे लुटतात, पण मोजून!” आणि माणसं पांगली. शेठने जाता जाता एकशे दहाचंच भरून घेतलं.

चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो, आजोबांचा हेतू आमच्या सगळ्यांपेक्षा प्रामाणिक होता. तक्रार निकाली निघाली. खोट्या सह्यांचा अहवाल मी वैधमापन विभागाला पाठवला आणि मॅनेजर महिन्याभरात दिसेनासा झाला. बाई कामावर परत लागली.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. भाव वाढला की माणसाला चोर हवा असतो. टॅक्स ठरवणारा लांब असतो, त्याची गचांडी धरता येत नाही. मग जो हाताशी सापडेल तो धरायचा, आणि पंपावर हाताशी असते नळी धरलेली बाई. जमावाने तसं केलं तर समजू शकतो. मीही तेच केलं, आणि मला त्यासाठी पगार मिळत होता.

नोकरीत असताना सरकारी जीप होती, पेट्रोल कितीला हे मला फक्त बंदोबस्तापुरतं माहीत. निवृत्तीनंतर स्वतःची स्कूटर घेऊन त्याच पंपावर पहिल्यांदा गेलो, तर ती तिथेच होती. तिने ओळखलं. मागे दोनच गाड्या होत्या, म्हणून धीर करून म्हटलं, “बाई, त्या दिवशी तुम्हाला ठाण्यात तीन तास बसवून ठेवलं. ते माझं चुकलं. मनात ठेवू नका.”

तिने टाकीचं झाकण उघडलं, नळी आत घातली आणि मशीनकडे बोट केलं.

“झिरो बघा, साहेब. कितीचं टाकू?”