अण्णांची उंदीरवाट

‘चपला काढा! वळणावर उभे आहात तुम्ही!’

श्री. दत्ताजीराव जगदाळे माझ्याशी बोलले ते हे पहिले वाक्य. पुण्याहून बंगळूरला नोकरीसाठी येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. कारखान्यातल्या वरिष्ठांना घरी जाऊन भेटावे, म्हणून कॉटनपेठेत त्यांच्याकडे गेलो, तर सगळे अंगण खडूच्या रेघांनी भरलेले! नमस्काराला वाकलो तो नेमका एका रेघेवर पाय देऊन. तारक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातून हसत म्हणाल्या, ‘स्वल्प बाजूला व्हा हो. आम्हीसुद्धा आठ दिवस भिंतीला धरून चालतोय.’

आज तेच जगदाळे, आमचे अण्णा, साठ वर्षांचे झाले. या गौरवग्रंथात त्यांच्या कामाविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. मला मात्र त्या खडूच्या रेघांविषयीच लिहायचे आहे. त्या रेघांपायी अण्णांच्या नावाला एक बट्टा लागला, आणि तो खोटा आहे. हे गावात फक्त तीन माणसांना ठाऊक आहे. त्यांतला एक मी.

त्या रेघा होत्या प्रदर्शनाच्या मैदानाशेजारच्या जुन्या गोदामात बसवायच्या पाळण्यातल्या गाडीच्या मार्गाच्या. पाळणा म्हणजे गोल फिरणारा नव्हे हो! बंद छपराखाली, मिट्ट काळोखात, रुळांवरून वर-खाली सुसाट पळणारी चार जणांची गाडी. गावाने कधी पाहिले नाही असे काही गोदामाच्या मालकांना हवे होते. कारखाना सुटल्यावर अण्णा तिकडे जात. मीही त्यांच्या मागे मागे जाऊ लागलो.

आणि काय ती कल्पना! गाडी साखळीने हळूहळू चढवायची नाही, एकदम फेकायची! एका कोपऱ्यात उंच बुरूज, त्याच्या पोटात भलेमोठे लोखंडी वजन टांगलेले. खीळ ओढली की वजन धाडकन खाली, दोर गाडीला खेचणार, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गाडी काळोखात! डावीकडची भिंत धरून चढ, माथ्यावर वळण, मग पोटात गोळा आणणारा उतार, मागच्या भिंतीशी दोन चढांमधली खोलगट जागा, पुन्हा चढ, आणि स्वतःच्याच रुळांखालून सुळकन निघून परत फलाटावर. पहिल्या चाचणीत मी बसलो तेव्हा आनंदाने इतका ओरडलो की दोन दिवस घसा बसला होता.

पण अण्णांचा खरा जीव रुळांवर नव्हताच. तो रुळांच्या मागे होता. सबंध मार्गाच्या कडेने, रंगवलेल्या डोंगरांच्या पाठीमागून, प्रेक्षकाला कधी दिसणार नाही अशी एक अरुंद लाकडी वाट त्यांनी आखली होती. चढ तिथे पायऱ्या, वळणावर एकेक माणूस उभा राहील एवढे कोनाडे. कामगारांनी तिचे नाव ठेवले उंदीरवाट. तिची रुंदी कशी ठरली, तेही सांगतो. आमचे मिस्त्री मुनियप्पा अंगाने चांगलेच ऐसपैस. अण्णांनी त्यांना भिंतीला पाठ लावून उभे केले आणि पोटाच्या पुढे खडूने रेघ ओढली. ‘मुनियप्पा मावले म्हणजे सगळे मावले. सरी? ठीक?’ मुनियप्पा लाजून लाल झाले.

मी तेव्हा नुकता शिकून आलेलो, अंगात मस्ती. मागच्या भिंतीशी उंदीरवाट काढून टाकली तर आणखी एक झकास उतार बसतो, असा नकाशा मी काढला. मालक तर खूशच झाले. अण्णांनी नकाशा नीट पाहिला आणि म्हणाले, ‘उतार छान आहे. पण इथे गाडी थांबली तर तिच्यापाशी माणूस कसा जाणार?’

‘थांबेलच कशाला, अण्णा?’

‘ते गाडीला विचारा,’ म्हणाले, आणि नकाशा घडी करून मला परत दिला. मी आठवडाभर फुरंगटून बसलो होतो.

उद्घाटन ठरले आयुधपूजेच्या दिवशी. इथली रीत अशी की यंत्राला हळदकुंकू लावायचे, चाकांखाली लिंबे ठेवायची आणि दृष्ट काढून कुंकू भरलेला कोहळा दारात फोडायचा. फलाटाजवळच्या खड्ड्यात गाडीचा ब्रेक होता. चामडे लावलेल्या दोन फळ्या गाडीच्या पोटाखालची पट्टी दोन्हीकडून दाबून धरत. तो ब्रेक मी आखलेला, माझा पहिलावहिला! त्याला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून मी हट्टाने कोहळा दाराऐवजी त्या खड्ड्याच्या काठावरच फोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वरवर पाणी मारून जागा धुतली.

अण्णा फलाटाच्या दुसऱ्या टोकाला पाहुण्यांत अडकले होते. तिथूनच त्यांनी विचारले, ‘खड्ड्यात उतरून ब्रेक पुन्हा पाहिलात ना?’

मी नवी पांढरी पँट घातली होती.

‘हो अण्णा, पाहिला,’ मी म्हणालो.

अण्णांचा नियम असा की पहिल्या फेरीत करणाऱ्यांच्या घरची माणसे बसणार. तारक्का बसल्या, त्यांच्या शेजारी माझी कुसुम. आमच्या लग्नाला सहा महिने झाले होते. मागे दोन कारागिरांच्या बायका. खीळ ओढली. गाडी सुटली, किंकाळ्या, हसणे, टाळ्या! फेरी पुरी करून गाडी फलाटात शिरली आणि थांबलीच नाही. कोहळ्याचा गर फळ्यांमध्ये बसला होता. सुळसुळीत चामड्यातून पट्टी निसटली आणि माझ्या डोळ्यांदेखत गाडी पुन्हा काळोखात गेली. उरल्यासुरल्या वेगावर ती पहिला चढ कशीबशी चढली, पुढचा तिला चढवेना. मागच्या भिंतीशी, दोन चढांमधल्या त्याच खोलगट जागेत, जमिनीपासून तीन पुरुष उंचीवर, मागे-पुढे हेलकावत राहिली. आत कुणीतरी रडत होते. मला वाटले कुसुमच.

‘चला!’ अण्णांनी माझे मनगट धरले आणि उंदीरवाटेत शिरले. मागे मुनियप्पा. पायऱ्या, कोनाडा, वळण, पायऱ्या. हाताच्या बॅटरीच्या उजेडात गाडी दिसली, अगदी हाताच्या अंतरावर. मुनियप्पांनी चाकांना पाचर ठोकली आणि चौघींना एकेक करून अलगद वाटेवर उतरवून घेतले. तारक्का म्हणाल्या, ‘एवढा उशीर? मी या पोरीला तीन गाणी म्हणायला लावली!’ कुसुम हसत होती आणि रडतही होती. मी तिचा हात सोडायला तयार नव्हतो. माझ्या नकाशाप्रमाणे तिथे नुसती भिंत असती.

दुसऱ्या दिवशी मालकांनी चौकशी बसवली. अण्णांनी सरळ सांगितले, ‘ब्रेकची जबाबदारी माझी होती. मी स्वतः पाहायला हवं होतं.’ मी उठायला लागलो, तर त्यांनी मेजाखाली माझा गुडघा घट्ट दाबून धरला. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘नोकरी कच्ची आहे तुमची अजून. कारखान्यात कळलं तर जाईल. गप्प बसा.’ आणि मी बसलो! गाडी पुढे कित्येक हंगाम चालली, पण दारावरच्या पाटीवरून अण्णांचे नाव पुसले गेले. दुसऱ्या शहरात अशीच गाडी उभारायचे त्यांचे ठरलेले काम गेले. ‘जगदाळ्यांचा ब्रेक’ हा या गावात थट्टेचा विषय झाला. त्या थट्टेला मीही एक-दोनदा हसलो आहे.

अण्णा, तुम्हांला उदंड आयुष्य लाभो, गुडघे धडधाकट राहोत आणि अंगणभर नव्या रेघा उमटोत. आम्ही सारे खुशाल भिंतीला धरून चालू! गेल्या रविवारी हा लेख मी तुम्हांला वाचून दाखवला. चौकशीचा भाग गाळा, असे तुम्ही दोनदा बजावलेत. तारक्कांनीही तुमचीच बाजू घेतली. या गावात आल्यापासून तुमचा शब्द मी कधी मोडलेला नाही. हा मोडतो आहे. तो ब्रेक मी पाहिला नव्हता.