टपावरचा जावई

माझं लग्न पक्कं झालं ते एसटीच्या टपावर. वर आभाळ, मध्ये मी आणि खाली सासरे.

कुसुमशी साक्षगंध झालं तेव्हा ती चंद्रपूरला नर्सिंग शिकत होती आणि मी नोकऱ्या सोडायला शिकत होतो. यवतमाळची सोडली, भंडाऱ्याची सोडली. पोरगी चंद्रपुरात आणि आपण दुसऱ्या गावी, हे मला फार दिवस झेपायचंच नाही. (कुसुमला झेपायचं. तिची तक्रार माझ्या ऐकण्यात नाही.) ऐंशीच्या दशकातली गोष्ट, नोकऱ्या काही रस्त्यावर पडल्या नव्हत्या. तरी दिवाळीनंतर तिसरी लागली, थेट आलापल्लीला, लाकडाच्या डेपोत कारकून. निघायच्या आदल्या दिवशी कुसुमच्या वडिलांनी, बाबूजींनी, मला समोर बसवलं.

"होळीपर्यंत तिथी टिकून दाखवा. त्याच्या आंधी चंद्रपुरात दिसले, तं साक्षगंध मोडलं समजा. पोरगी नोकरीवाल्याले द्याची हाय मले, बस स्टँडवाल्याले नाई."

बाबूजी रेल्वेत तिकीट तपासणारे. रिटायर झाले होते, पण नजर ड्युटीवरच होती. मी "हो बाबूजी" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आलापल्लीत दिवसभर सागाचे लठ्ठे मोजायचे आणि संध्याकाळी स्टँडवर जाऊन चंद्रपूरची गाडी पाहायची. तिच्यातून माझं कोणी उतरणार नसे. पण चाकांना चंद्रपूरची धूळ असे, तेवढीच जवळीक. (डेपोचा चौकीदार मला सरळ येडा म्हणायचा.) असं करत माघ उजाडला. होळी दिसायला लागली आणि नेमका तेव्हाच माझा धीर सुटला. एका रविवारी सकाळी मी डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि चंद्रपूरच्या गाडीत बसलो. दवाखान्याच्या फाटकाशी पाच मिनिटं कुसुमला पाहायचं आणि उलट्या गाडीनं परत. कोणाला कळतंय?

गोंडपिपरीला गाडी चहासाठी थांबली. समोर चंद्रपूरहून आलापल्लीला जाणारी गाडीही थांबलेली. मी हॉटेलात भजे सांगितले आणि मला एक छत्री दिसली. कडक उन्हाळा नाही, पाऊस नाही, अशा दिवसांत छत्री बाळगणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच. बाबूजी! आणि बाजूला कुसुम.

मी आलूच्या पोत्यांमागे बसलो. बाबूजी हॉटेलवाल्याला विचारत होते, "किती वाजता पोचते आलापल्लीले?"

"चार तं वाजतेच. कोणाकडं जाता?"

"जावयाकडं. न सांगता जाऊन राह्यलो. रविवार हाय, खोलीत सापडला तं ठीक. नाई सापडला, तं पोरीसाठी दुसरं घर पाहू."

त्यांच्याआधी खोलीवर पोचलं पाहिजे आणि तिकडे जाणारी गाडी एकच, त्यांचीच. तेवढ्यात कुसुमची नजर माझ्या बाजूला वळली आणि ती बारीकशी हसली. तिनं ओळखलं! आता मेलो तरी चालेल, असं वाटलं. मग लगेच वाटलं, चालणार नाही. मागच्या शिडीवरून मी टपावर चढलो.

टपावर दोन खाटा, टोपल्या आणि एक बांधलेली बकरी. कुसुमला डाव्या खिडकीशी बसताना मी पाहिलं होतं. बरोबर तिच्या डोक्यावर मी पालथा पडलो. गाडी निघाली. इतक्या महिन्यांत आम्ही एवढे जवळ कधी आलो नव्हतो, मध्ये नुसता एक पत्रा. मला राहवेना. बोटांच्या गाठींनी पत्र्यावर वाजवलं. ठक ठक.

खालून उत्तर आलं. ठक ठक.

काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं. (थोडी धूळही होती.) मी पुन्हा वाजवलं. पुन्हा उत्तर. मी तिला डेपोतला एकटेपणा सांगितला, हातानं केलेल्या कच्च्या भाकरी सांगितल्या, सगळं ठकठकीत. तिचं प्रत्येक वेळी उत्तर, एकदाही चुकली नाही. भरात येऊन आष्टीच्या पुढे मी जरा जोरातच वाजवलं आणि गाडी थांबली. टपावरून कोणाला उतरायचं असलं की पत्रा बडवतात, हे मी विसरलोच होतो.

"कोण उतरते बे वरतून?" म्हणत कंडक्टर शिडी चढला. त्याचं डोकं वर आलं. मी हात जोडले.

"भाऊ, खाली सासरे हायेत," मी कुजबुजलो. "पाय पडतो, बोलू नका."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बकरीकडे पाहिलं. त्याचंही लग्न झालेलं असावं.

"कोणी नाई," तो खाली ओरडला. "बकरी पाय आपटून राह्यली."

खालून बाबूजींचा आवाज आला, "बकरीचं तिकीट फाडलं काय?"

गाडी हसली. मी बकरीला चिकटून पडून राहिलो. गाडी हलली आणि पत्र्याखालून आपणहून ठक ठक आलं. पोरगी हिमतीची, मी मनात म्हटलं.

आलापल्लीच्या नाक्यावर गाडी हळू झाली तसा मी उडी टाकली, लाकडाच्या थप्प्यांमागून पळालो, खोलीत शिरलो, तोंडावर पाणी मारलं आणि खाटेवर पुस्तक घेऊन बसलो. थोड्याच वेळात दारात छत्री.

"जयभीम."

"अरे, बाबूजी! तुम्ही? इथी? असे अचानक?"

बाबूजी खुर्चीवर बसले. त्यांनी माझ्या केसांतल्या लाल मातीकडे पाहिलं, उलट्या धरलेल्या पुस्तकाकडे पाहिलं. कुसुम दारात लाल डोळे चोळत उभी. रडली असेल बिचारी. मग त्यांनी छत्रीची मूठ टेबलावर आपटली. ठक ठक.

आणि माझ्या हातानं, तीन तासांच्या सवयीनं, खाटेच्या लाकडावर वाजवलं. ठक ठक.

"बोलली बकरी," बाबूजी म्हणाले.

कुसुम एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती.

"गोंडपिपरीलेच पाह्यलं तुम्हाले, आलूच्या पोत्यामागं. जिंदगी गेली बिनतिकिटवाले पकडण्यात. लपणाऱ्याची नुसती पाठ पुरते मले."

"मंग तिथंच काऊन नाई पकडलं?"

"म्हटलं पाहू, कुठी पळते. चंद्रपूरकडं का नोकरीकडं." त्यांनी खांदा चोळला. "आन् शब्द चंद्रपूरचा होता. गोंडपिपरीत दिसू नका, असं मी बोललो नव्हतो. हिची परीक्षा झाली का रविवार पाहून लग्न लावू. आता हा खांदा दाबा. छत्री वर धरू धरू आखडला."

मी दाबला. मनापासून दाबला.

लग्नानंतर एकदा मी कुसुमला विचारलं, "त्या दिवशी बाबूजी वाजवून राह्यले होते, तं तुले काहीच नाई वाटलं?"

"कधी?" ती म्हणाली. "मले एसटी लागते. गोळी खाऊन मी गोंडपिपरीपासून झोपूनच होती."

"अन् हॉटेलात माह्याकडं पाहून हसली ते?"

"तुमच्याकडं? तुम्ही कुठी होते? गरम भजे निघून राह्यले होते."

म्हणजे आलापल्लीपर्यंत मी जे काळीज उघडं केलं, ते सगळं सासऱ्यांपुढे. आणि खरं सांगतो, इतकं मन लावून माझं नंतर कोणी ऐकलं नाही.