उंचावरून सोडलेलं पाणी

राजोडीच्या किनाऱ्यावर फिरून आलं की चपलांना खारट, ओलसर वास येतो. काल तो वास दारातच आला आणि विरारच्या याच हॉलमधली मे महिन्यातली एक दुपार आठवली.

वीज गेली होती. माझ्या समुद्री माशांच्या टाकीचा पंप बंद पडला होता आणि नारिंगी मासे वर येऊन तोंडं उघडत होते. त्या टाकीच्या खर्चात हॉलला एसी आला असता, हे माझ्या बायकोने, सुनंदाने, कितीदा तरी ऐकवलं होतं. त्या दुपारी मात्र तीच स्टुलावर चढली. टाकीतलंच पाणी चहाच्या पातेल्यात घेऊन ती उंचावरून परत सोडत राहिली, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. ब्लाऊज घामाने पाठीला चिकटला होता. मी वर्तमानपत्राने तिला वारा घालू लागलो.

"अहो, मला नको. त्यांना घाला," ती म्हणाली.

मासे वाचले नाहीत. पुढे टाकी काढून मी एसी बसवला, पण तोवर सुनंदाचा दमा बळावला होता. तिला गार वारा सोसत नव्हता.

ती गेल्यावरही तो एसी अजून एकदाही लावलेला नाही.