शिसारीनानांनी घर धुतलं

अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्गात एक माणूस असा होता, की त्याला जगातली प्रत्येक गोष्ट आधी नाकाने कळायची आणि मग डोळ्यांनी. तीन घरं पलीकडे कुणाच्या फ्रिजमध्ये दूध नासलं, तर नाना आपल्या दारात उभे राहून सांगत, "दोन टक्के फॅटवालं आहे. मंगळवारचं." थाप वाटत असेल तर खुशाल वाटू दे. ते दूध माझ्याच फ्रिजमध्ये होतं.

नानांच्या तोंडून 'शी' हा शब्द जितक्या सुरांत निघायचा तितके सूर बाजाच्या पेटीतसुद्धा नसतील. कुत्र्याला तोंड चाटू देणाऱ्या गोऱ्या बाईसाठी तो खर्जातला असे. बाथटबसाठी लांबवलेला असे. "स्वतःच्याच मळाच्या रश्शात माणूस तासभर शिजत पडतो आणि वर म्हणतो, रिलॅक्स होतोय. शीऽऽ." हॉट डॉग दिसला, तर शब्दाचाही विटाळ नको म्हणून नुसती डावी नाकपुडी वर जायची. मराठी मंडळात सगळे त्यांना शिसारीनाना म्हणत. अर्थात पाठीमागे. समोर फक्त नाना.

टॉयलेट पेपर हा त्यांचा हाडवैरी. "हाताला शेण लागलं तर कागदाने पुसून जेवायला बसाल का, सांगा," हा त्यांचा सवाल. ऑफिसात तांब्या नेण्याची सोय नव्हती, म्हणून ते झाडांना पाणी घालायची हिरवी प्लास्टिकची झारी टेबलाखाली ठेवत आणि दिवसातून एकदा ती भरून गंभीर चेहऱ्याने स्वच्छतागृहाकडे जात. तिथे एकही झाड नव्हतं. तरी गोऱ्या सहकाऱ्यांत 'हा माणूस फार वृक्षप्रेमी' अशी ख्याती झाली आणि वाढदिवसाला त्यांना एक फर्न भेट मिळालं. नानांनी ते तेवढ्याच गंभीर चेहऱ्याने स्वीकारलं. झारीतलं पाणी मात्र त्याला कधी घातलं नाही.

अशा माणसाच्या नशिबी घर आलं ते अमेरिकन. लाकडाचा सांगाडा, आणि बाहेरून लांबच लांब पट्ट्या एकीवर एक चढवलेल्या. याला इकडे साइडिंग म्हणतात. नाना मला म्हणत, "मधू, मी जन्माचा शाकाहारी आणि राहतो खवल्यांच्या माशात." उत्तरेकडच्या बाजूला सूर्य फिरकत नसे. तिथे पट्ट्यांवर हिरवं, बुळबुळीत शेवाळ चढे, शिंकरून भिंतीला पुसल्यासारखं. वर पाखरांची विष्ठा, कोळ्यांची अंडी आणि कडेला गांधीलमाश्यांचं एक ओसाड पोळं. सकाळी कॉफीचा कप घेऊन नाना तिकडे पाहत आणि कॉफी गवतात ओतून आत जात.

एरवी ते तेवढ्यावरच थांबले असते. पण त्या वर्षी मिरजेहून माई यायची होती.

माई म्हणजे नानांच्या मातोश्री. नानांचं नाक ज्या साच्यातून निघालं तो मूळ साचा. त्यांच्यापुढे नाना म्हणजे उकिरडा. भांडं घासून पुढ्यात ठेवलं, की माई ते आधी उलटं करून त्याचा तळ बघत. आत लखलखाट असून उपयोग नसे, तळाला काळं दिसलं की भांडं परत राखेत. वडील गेल्यापासून त्या एकट्या होत्या आणि नाना दरवर्षी फोनवर विनवत, "ये ना गं माझ्याकडे." दरवर्षी माई एकच विचारत, "तुझ्या घरात माझ्या घशाखाली पाणी तरी उतरेल का रे, विन्या?" या वर्षी त्या कशाबशा तयार झाल्या, तेही 'बघून ठरवते' म्हणत. नानांचा जीव त्या 'बघून'मध्ये अडकला. माईने आपल्या घरी यावं, जेवावं, थंडी सरेपर्यंत तरी राहावं, याहून जास्त त्यांना देवाकडे काही मागायचं नव्हतं.

एप्रिलात ते दुकानातून प्रेशर वॉशर घेऊन आले. सामान्य माणसाला हे यंत्र तेव्हा नुकतंच मिळायला लागलं होतं. गवत कापायच्या यंत्राचं इंजिन, एक जाड नळी आणि पुढे बंदुकीसारखी दांडी. पाण्याचा जोर असा, की पहिल्या फवाऱ्याला त्यांच्या कुंपणावरची खार उडाली ती शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात जाऊन पडली. पुढे बरेच दिवस ती आमच्या बाजूला दिसली नाही, यावरून काय ते समजा.

सुमनवहिनी माहितीपुस्तक घेऊन पायरीवर बसल्या. "अहो, यात लिहिलंय, फवारा सरळ नाहीतर खालच्या दिशेला धरा. वरच्या दिशेला मारू नका, पट्ट्यांच्या आत पाणी शिरतं."

"ते अमेरिकनांसाठी," नाना म्हणाले. "त्यांना तोंडावर पावडर थापली की आंघोळ झाली. घाण असते ती पट्टीच्या तळाला. माई आली की आधी तळ बघेल."

"माई घराचा तळ बघणार आहेत का?"

"तू माईला ओळखत नाहीस."

आणि मग तो सहा फुटांचा इंजिनियर पावसाळी कोट घालून भिंतीशी उताणा झोपला, आणि खालून वर, प्रत्येक पट्टीच्या पोटात त्याने फवारा मारला. जेवत असाल तर एवढा परिच्छेद मागाहून वाचा. आतून काळा गाळ आला. मेलेल्या माश्यांचा लगदा आला. कुठल्याशा उंदराच्या बाळंतिणीची खोली अख्खीच्या अख्खी बाहेर आली, गादीसकट. यातलं बरंचसं नानांच्या तोंडावर पडलं आणि थोडं, तोंड उघडं असल्यामुळे, आत गेलं. ते उठले, गुलाबाच्या वाफ्यात ओकले, चूळ भरली आणि पुन्हा उताणे झाले. "बघ," मला म्हणाले, "एवढं होतं. आणि हे लोक यात नांदतात."

माई येईपर्यंत हा कार्यक्रम प्रत्येक शनिवारी झाला. बाहेरून घर असं झालं, की पाहताना डोळे दिपावेत.

जुलैत माई आल्या. उत्तरेकडची खोली त्यांना दिली होती, आणि त्या खोलीला वास येत होता. ओल्या पोत्यात मेलेली घूस बांधून ठेवावी तसा. नानांनी आधी माझ्या मोज्यांवर संशय घेतला, मग वहिनींच्या हिंगावर, मग स्वतःवर, आणि दिवसातून तीनदा आंघोळ सुरू केली. दोन टक्केवालं दूध ओळखणाऱ्या नाकाला घरातला वास सापडेना.  पोट बरं नाही म्हणून माई आपल्या डब्यातला लाडू खात आणि पाणी औषधासारखं दोन घोट घेत. चौथ्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "सुमन, परतीचं तिकीट अलीकडे ओढता येतं का गं?" नाना दाराआडून ऐकत होते. त्या दिवशी ते माझ्या अंगणात येऊन नुसतेच बसले. नाक लाल होतं.

दुसऱ्या दिवशी माईंनी पलंगावरून उठताना भिंतीला हात टेकला आणि हात मनगटापर्यंत आत गेला.

वहिनींची हाक ऐकून मी धावलो. वॉलपेपरचा पापुद्रा लोंबत होता. मागचा जिप्समचा तक्ता भिजलेल्या पावासारखा झाला होता, आणि आतली, थंडी अडवणारी गुलाबी कापसाची भर काळी पडून चिकट गळत होती. भिंतीला कान असतात हे मी लहानपणापासून ऐकत आलो, पण तिथे ते फुटलेले पाहिले: करडे, मऊ, ओलसर अळंबीचे कान, माणसाच्या कानाएवढे.  नाना गुडघ्यांवर बसले होते.

"माई, हे मी केलं," ते म्हणाले. "तुझ्यासाठी. बाहेरून धुतलं."

माईंनी बरबटलेला हात तसाच धरून ठेवला होता. "धुतलंस कसं?"

"तपेल्यासारखं. तळाकडून."

माईंनी हातावरचा लगदा झटकला. "तपेलं धुतल्यावर उलटं घालून निथळवतात, विन्या. घर उलटं घालणार होतास का?"

 वहिनींना हसू आवरेना.

माईंनी लुगड्याचा काचा मारला आणि मला म्हणाल्या, "मधू, बघतोस काय? पक्कड आण." दिवसभर आम्ही ती भिंत सोलली. तो चिखल, ती बुरशी, तो वास. मी तीनदा बाहेर जाऊन आलो, नाना किती वेळा गेले ते गुलाबांना ठाऊक. माई एकदाही गेल्या नाहीत. "मला घाणीचं भय नाही रे," लगदा बादलीत टाकत त्या म्हणाल्या. "घाण कुठून येते ते कळत नाही, त्याचं भय. पाच दिवस वाटत होतं, तुझ्या घरात काहीतरी सडलंय आणि तू मला सांगत नाहीस."

संध्याकाळी सगळ्यांनी कोपरापर्यंत हात घासले. वहिनींनी पिठलं-भात केला. माईंनी ताट ओढलं आणि त्याचा तळ न बघता जेवायला सुरुवात केली. दुसऱ्यांदा भात घेतला. नाना समोर बसून होते, घास तोंडाशी नेत आणि परत ठेवत.

"जेव," माई म्हणाल्या. "तिकीट राहू दे. ही भिंत वाळेपर्यंत आहे मी इथे."

भिंत ऑगस्टात वाळली. माई जानेवारीपर्यंत राहिल्या.

निरोपाला मीही विमानतळावर होतो. बाहेर बर्फ वितळून राखाडी चिखल झाला होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बुटांनी तो आतल्या फरशीवर पसरला होता. मीठ, पाणी, चघळून थुंकलेला च्युइंगम, कुणाच्या तरी बाळाने सांडलेलं काहीतरी पिवळं. दारापाशी आल्यावर नाना वाकले. मला वाटलं, पायांना हात लावून उठतील. ते गुडघे टेकून खाली गेले, मग छाती टेकली, मग कपाळ.

"ऊठ रे, लोक बघतायत," माई म्हणाल्या, पण पाय मागे घेतले नाहीत.

माई गेल्या. त्यानंतर त्या पुन्हा आल्या नाहीत, पुढच्या पावसाळ्यात मिरजेहून फोन आला. पण ते कुणालाच ठाऊक नव्हतं त्या दिवशी. गाडीत नाना पुढे बसले होते, कपाळावर त्या राखाडी चिखलाचा एवढा मोठा ठसा. मागून वहिनींनी ओला रुमाल दिला. नानांनी तो घेतला आणि डोळे तेवढे पुसले.