झऱ्याच्या पाण्याची परीक्षा

बालाघाट जिल्ह्यात, लामत्याकडच्या आमच्या गावात मी मिडल स्कूलमध्ये विज्ञान शिकवत होतो. गावाची विहीर वरच्या मोहल्ल्यात होती. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी तिथे आमच्या बायकांना बादली सोडू देत नसत. आमचं पाणी टेकडीखालच्या झऱ्याचं. वरचे लोक त्याला घाण पाणी म्हणत, आणि ते मला लहानपणापासून टोचत आलं होतं.

एका वर्षी शाळेत बालाघाटहून प्रयोगाचं सामान आलं. त्यात रंग बदलणाऱ्या कागदाची एक चोपडी होती. कागद पाण्यात बुडवायचा, त्याचा रंग वेष्टनावरच्या रंगांशी जुळवायचा, की पाण्याचा पीएच कळतो. सात म्हणजे ना आंबट ना खारं.

रविवारी मी सगळ्या मोहल्ल्यासमोर कागद झऱ्यात बुडवला. तो पिवळा झाला. सहा.

"थोडं आंबट आहे," मी म्हणालो.

शेजारची मामी घाबरली. "आंबट? मंग आमच्या पोटाले काही होत काहून नाही?"

मी तिथेच चूल मांडून गंजभर पाणी उकळलं, थंड केलं आणि दुसरा कागद बुडवला. तो हिरवट झाला, जवळजवळ सात. जमिनीतली हवा पाण्यात विरघळते, त्यानं आंबटपणा येतो आणि उकळल्यावर ती उडून जाते, असं मी समजावून सांगितलं.

"मंग उकळूनच प्याव का?" माझ्या मायनं विचारलं.

"काही गरज नाही, माय. आपलं पाणी एकदम शुद्ध आहे."

हे मी मुद्दाम मोठ्यानं बोललो. वरच्या मोहल्ल्यातले दोघेतिघे तिकडून चालले होते.

पावसाळ्यात चार घरांत हगवण लागली. पाचवं घर आमचं. मायच्या डोळ्यांचे खड्डे झाले, तेव्हा तिला बैलगाडीत घालून स्टेशनवर नेलं आणि नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं बालाघाटच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि विचारलं, "पानी कहाँ का पीते हो?"

"झरने का. मैंने जाँचा है," मी म्हणालो आणि खिशातली चोपडी दाखवली.

ते हसले नाहीत. "मास्टरजी, इससे खट्टा-खारा पता चलता है. जंतु नहीं."

मी बी.एस्सी. होतो. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही त्या रविवारी ते माझ्या मनात आलं नव्हतं, किंवा मी येऊ दिलं नव्हतं.

माय वाचली. परतल्यावर मी आधी टेकडीवर चढलो. झऱ्याच्या थोडं वर, जिथून पाणी जमिनीत मुरत होतं, तिथे गुरं बसत होती. खुरांच्या खड्ड्यांत शेणपाणी साचलं होतं. मग मी घरोघर गेलो आणि सांगितलं की मी चुकलो, पाणी उकळूनच प्या.

मामीच्या घरचे दोघं अजून खाटेवरच होते. ती म्हणाली, "मास्तर, तवा तुमी चांगलं म्हनलं, आता खराब म्हनून राह्यले. आमी कोनतं खरं मानाव?"

"आत्ताचं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच वर काट्यांचं कुंपण घालत होतो, तेव्हा मामी कुऱ्हाड घेऊन आली आणि बोरीच्या फांद्या तोडू लागली. दुपारपर्यंत मोहल्ल्यातली दहा-बारा माणसं जमली. गुरं ज्याची होती तो वरच्या मोहल्ल्यातला शेतकरी भांडायला आला. मी त्याला तो चिखल दाखवला. चिखलात काठी घालून बघून तो म्हणाला, "हौ, इथं बसवू नये," आणि गुरं पलीकडच्या उतारावर घेऊन गेला.

पुढच्या पावसाळ्यात एकाच घरात हगवण लागली. त्यांनी पाणी उकळलं होतं की नाही, ते मी विचारलं नाही.