शंभराची अर्धी नोट
जे. पी. नगरच्या बिंदुमाधवरावांना इंग्रजांच्या काळातल्या नोटांचा नाद होता. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तर हा माणूस हातातलं भिंग खाली ठेवीना. बायको जेवायला हाका मारून थके, तेव्हा हे शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा साहेबाची सही तपासत असत. पण व्यवहाराला चोख. नोट विकत घेण्याआधी समोरच्याला तिची खरी किंमत सांगायची, ही त्यांची रीत. नोटांच्या बाजारात अशा रीतीला लोक हसतात, पण तिच्यामुळेच त्यांच्या शब्दाला मान होता.

ही रीत त्यांनी एकदाच मोडली.

त्यांच्याकडे अकरा वर्षांपासून शंभराची अर्धी नोट होती. त्या काळी मोठी नोट टपालाने धाडताना लोक ती मधोमध कापत. एक तुकडा आधी पाठवायचा, तो पोचल्याचं उत्तर आलं की दुसरा. वाटेत चोरी झालीच, तर चोराच्या हाती अर्धाच कागद. नंबर मात्र दोन्ही तुकड्यांवर असे. बिंदुमाधवरावांना हा तुकडा जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात मिळाला होता. त्याचा जोडीदार सापडेल अशी आशा एखाद्या खुळ्यालाच वाटली असती, आणि त्यांना ती होती.

जोडीदार सापडला तो जयनगरला, अनुसूयाक्कांच्या घरी. अक्का दूरच्या नात्यातल्या, ऐंशीच्या घरातल्या. सत्यनारायणाचा प्रसाद झाल्यावर त्यांनी एक लखोटा आणला. आत आजोबांनी बळ्ळारीहून लिहिलेलं मोडी पत्र आणि अर्धी नोट. दुसरा तुकडा धाडण्याआधीच आजोबा तापाने गेले होते. याला काही मोल असेल का, असं अक्कांनी भीतभीतच विचारलं.

नंबर बिंदुमाधवरावांना तोंडपाठ होता. एका वाक्यात खरं सांगून मोकळं होता आलं असतं. पण मग अक्का मुलाला विचारणार, मुलगा नोट लिलावात नेणार, आणि आपण बघत बसणार! हावेपुढे शहाणपण चालत नाही.

"अर्धी नोट म्हणजे रद्दीच, अक्का. नमुना म्हणून नेतो मी," ते म्हणाले.

अक्कांनी तुकडा दिला आणि वर घरी न्यायला प्रसादही बांधून दिला.

तुकडे केसाइतकंही अंतर न ठेवता जुळले. प्रदर्शनात जोडनोटेला पहिलं बक्षीस मिळालं. लोक पाठ थोपटू लागले, पण प्रत्येक थाप त्यांना चपराकीसारखी लागे. चोराच्या मनात चांदणं. कुणी सहज विचारलं, कुठे मिळाली हो, तरी यांना घाम फुटे. घास गोड लागेना. शेवटी एका सकाळी नोट घेऊन ते जयनगरला निघाले. सगळं सांगायचं, नोट परत द्यायची आणि पाय धरायचे, एवढं ठरवलं होतं.

अक्काच आधी बोलल्या. "बिंदुअण्णा, त्या दिवशी रद्दी दाखवून तुमचा वेळ घालवला. मला फार लाज वाटली. मग ते पत्रही टाकलं कचऱ्याच्या गाडीत. तुमच्यासारख्या जाणत्यानं सांगितल्यावर कशाला ठेवायचं?"

आजोबांच्या हातचं तेवढंच अक्षर त्या घरात उरलं होतं. बिंदुमाधवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी नोट टेबलावर ठेवली आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. अकरा वर्षं नंबर पाठ होता, हेही लपवलं नाही.

अक्कांनी चष्मा लावला, जोडावरून बोट फिरवलं. मग नोट बिंदुमाधवरावांपुढे सरकवली.

"तुम्हीच ठेवा, अण्णा. माझ्याकडे राहिली तर आल्यागेल्याला दाखवावीशी वाटेल. मग कशी मिळाली तेही सांगावं लागेल, आणि आपल्या माणसाबद्दल ते सांगायला माझी जीभ उचलणार नाही."